मूठभर काजळी

नजीबेबाईंच्या कानांमागून नळी हलकेच सोडवून मित्रीने ती कोपऱ्यातल्या यंत्रावरून काढली आणि खुर्चीमागच्या सिलेंडरला जोडली. चावी फिरवली. नळीच्या टोकाशी गाल नेऊन वारा लागतो का ते पाहिलं आणि मग ती पुन्हा त्यांच्या नाकाशी नीट बसवली. सिलेंडरच्या मानेवरच्या दाबाच्या काट्यावर विणलेला पांढरा रुमाल टाकलेला होता. तो उचलायला त्याने हात पुढे केला.

"राहू दे रे," नजीबेबाई ओरडल्या. ओरडणं भागच होतं. गॅलरीचं दार घट्ट लावलेलं असलं तरी खालच्या जनरेटरचा आवाज घरातल्याच माणसासारखा खोलीभर वावरत होता. "परवाच नवा आणून ठेवलाय. भरलेला आहे. तू जा, सुरू कर तुझं काम."

"सुरू नाही, बंद," मित्री म्हणाला.

"तेच ते."

सगळा जन्म काट्यांकडे बघण्यात गेलेला माणूस तो, पण रुमाल त्याने उचलला नाही. त्याला खाली जायची घाई होती.

जनरेटर इमारतीला लागूनच्या मोकळ्या जागेत होता, नजीबेबाईंच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीच्या बरोबर खाली. कधीकाळी तिथे लिंबाची झाडं होती म्हणे. आता पत्र्याची शेड होती, डिझेलची टाकी होती आणि शेडच्या मागे मित्रीची एक खोली. बंदराकाठच्या मीना वस्तीतल्या त्या गल्लीत सरकारी वीज यायची ती मध्यरात्र उलटल्यावर, सगळे झोपल्यावर. बाकी सगळा संसार मित्रीचा मालक अबू फव्वाज ह्याच्या ह्या मशीनवर चाले. घरोघरचे फ्रीज, दिवे, बद्र न्हाव्याचं केस कापायचं यंत्र, आणि हवेतून प्राणवायू वेचून नजीबेबाईंच्या नाकाशी पोचवणारं ते कोपऱ्यातलं यंत्रही. पूर्वी मशीनचा धूर सरळ त्यांच्या खिडकीत शिरायचा. त्यांची छाती नेमकी कशाने बिघडली ते डॉक्टरही सांगत नव्हता आणि त्याही कधी विचारत नव्हत्या.

मग नगरपालिकेचा हुकूम आला, की वस्तीतल्या प्रत्येक जनरेटरच्या धुरांड्याला फिल्टर हवाच. अबू फव्वाजने शिव्या देत देत बसवला. बाहेरून स्टीलचं पिंप आणि आत मधाच्या पोळ्यासारखी भाजल्या मातीची बारीक भोकं. धुरातली काजळी तिथे अडकते. मशीनवर भार चांगला असला, धूर तापला, की ती आतल्या आत जळूनही जाते, मागे फक्त थोडी राख उरते. पण गल्लीत माणसंच कमी होत चालली होती. कुणी कॅनडाला गेलं, कुणी आखातात, आणि उरलेल्यांतल्या ज्यांना जमलं त्यांनी छपरावर सौर पट्ट्या टाकल्या. भार उतरला, धूर कोमट राहू लागला आणि काजळी जळेनाशी झाली. मग फिल्टर उतरवून ती हाताने काढावी लागे. कुठलं घर बंद झालं हे मित्रीला कुणी सांगायची गरज नसे. फिल्टर उघडला की त्याला कळायचं.

खाली येऊन त्याने आधी फिल्टरवर झोत मारायची हवेची टाकी भरलेली आहे ना ते बघितलं, कारण मशीन थांबल्यावर कॉम्प्रेसरही थांबणार. मग मुख्य खटका पाडला, मशीनला थोडा वेळ रिकामंच चालू दिलं आणि बंद केलं.

शांतता एकदम आली नाही. आधी पंखा फिरत फिरत थांबला, मग कुठेतरी पत्रा थरथरून गप्प झाला, आणि मग हळूहळू गल्ली ऐकू येऊ लागली. बंदरातल्या होड्यांच्या दोरांची करकर, तिळाचे पाव विकणाऱ्याची लांबून येणारी हाक, कुणाच्या तरी घरात हट्टाने रडणारं मूल. आणि अर्थातच बद्र.

"मअल्लम!" समोरच्या दुकानातून बद्र न्हावी ओरडला. कारागीर म्हणून सगळी गल्ली मित्रीला ह्याच नावाने हाक मारी. "अर्धा भादरलेला माणूस बसलाय इथे माझ्याकडे! बायको घरात घेईल का ह्याला असा?"

"कात्रीने काप," मित्री म्हणाला. "तुझा बाप काय विजेवर कापायचा?"

"बापाच्या दुकानातून माणसं रक्त पुसत जायची!" बद्र दारात येऊन उभा राहिला. "पण खरंच सांग, फिल्टर आहे की तान्हं पोर? सारखं आपलं धुवायचं, पुसायचं. आधी नव्हतास रे तू असा!"

मित्री हातमोजे शोधू लागला. ते त्याच्या खिशातच होते.

मशीनच्या अंगावर दाबाचा काटा होता. फिल्टर तुंबत जाईल तसा काटा चढे, आणि कुठवर चढला की फिल्टर उतरवायचा, तिथे मित्रीने स्वतःच्या हाताने तांबडी रेघ ओढलेली होती. आज सकाळी काटा त्या रेघेच्या कितीतरी खाली होता. मागच्या खेपेलाही होता. त्याच्या आधीच्या खेपेला तो रेघेजवळ आलाय असं म्हणता आलं असतं, म्हणायचंच असतं तर.

वर गॅलरीचं दार उघडलं. सिलेंडरच्या गाडीची चाकं फरशीवर खडखडली, खुर्ची सरकली आणि कठड्यावर नजीबेबाईंचा हात दिसला.

"थांबलं वाटतं," त्या म्हणाल्या. आता ओरडायची गरज नव्हती. आवाज बारीक होता, वाक्याच्या मधेच दम घेणारा, पण खाली नीट पोचत होता.

"थांबलं. निवेपर्यंत हात नाही लावता येत."

"मग बस की."

तो उलट्या टोपलीवर बसला, तोंड वर करून.

उमेदीची सगळी वर्षं मित्रीने जहाजांच्या इंजिनखोलीत काढली होती, त्यामुळे एक कान तसाही निकामी झालेला. बायको आणि मुलगी सिडनीला गेल्या तेव्हा तोही मागोमाग जाणार होता. आधी कागदपत्रं अडकली, मग घर विकायचं राहिलं, मग घर विकून झालं आणि तरी तो राहिलाच. बायकोने विचारायचं कधी सोडून दिलं तेही त्याच्या लक्षात आलं नाही. मुलगी सणावाराला फोन करी. मशीनच्या आवाजात तो "काय? काय?" करत राही आणि शेवटी दोघं "बरं, बरं" म्हणून फोन ठेवून देत. गल्लीतली माणसं त्याच्याशी हातांनी बोलत. वीज कधी येणार, दाब कमी का, धूर येतोय. हातांनी जेवढं बोलता येतं तेवढंच त्याच्या वाट्याला येई. मशीन थांबलं तरच माणसाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायचा.

फिल्टर पहिल्यांदा उतरवला तेव्हा सिलेंडर लावून द्यायला म्हणून तो वर गेला होता. परत खाली आल्यावर, फिल्टर निवायची वाट बघत बसलेला असताना, वरून आवाज आला होता, "कुठल्या जहाजांवर होतास रे तू?" एवढंच. पण असा प्रश्न त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता.

नजीबेबाई स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, हाताने तारा जोडून फोन लावून द्यायच्या त्या काळात. अर्ध्या शहराचे आवाज त्यांना अजून पाठ होते. मुलगी माँट्रियलला, नवरा जाऊन जमाना झालेला. दम पुरेल तेवढं त्या सांगायच्या आणि दम संपला की तिथेच सोडून द्यायच्या. पुढचं पुढच्या खेपेला.

"तो दातांचा डॉक्टर सांगत होते ना मी," त्या म्हणाल्या. "नकूला. बायको गेलेली. रोज बैरुतचा फोन मागायचा... औषधांच्या दुकानाचा. आणि तिकडे शाळेतल्या बाई होत्या, त्याही रोज त्याच वेळी बैरुत. बहिणीला."

"हं."

"एक दिवस मी बैरुत जोडलंच नाही. ह्या दोघांनाच एकमेकांना जोडून दिलं."

मित्री हसला. "चुकून?"

"साहेबांना तसंच सांगितलं, चुकून." वर बराच वेळ काही नाही, फक्त श्वास. "आधी चिडले दोघं. कोण बोलतंय? तुम्ही कोण बोलताय? मग डॉक्टर म्हणाला..."

त्या थांबल्या. असं थांबणं नेहमीचंच होतं. मित्रीने धुरांड्याला हात लावून बघितला, पोळत नव्हतं. तो उठला, पट्ट्यांचे बोल्ट सोडवले आणि पिंप दोन्ही हातांनी छातीशी धरून काढलं. पत्र्याच्या पेटीत ते आडवं ठेवलं, ओलं पोतं पसरलं आणि मागच्या तोंडातून हवेचा झोत सोडला. एरवी ह्या कामाला घमेलं लागायचं. आज काळ्या पिठासारखी काजळी भुरभुरत पडली ती जेमतेम मूठभर. त्याने गॅलरीकडे पाठ केली आणि उगाचच बराच वेळ झोत फिरवत राहिला. मग एक बारीक तार भोकांत घालून पाहिली, ती जवळजवळ तळापर्यंत गेली. मागच्या तोंडावर बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं, म्हणजे आत कुठे तडा नाही. फिल्टरचं काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.

"मग काय म्हणाला डॉक्टर?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

उत्तर आलं नाही.

"सित्त नजीबे? अहो बाई?"

त्याने वळून बघितलं. कठड्यावरचा हात तिथेच होता, पण तो कठडा धरून नव्हता. नुसता पडला होता.

मित्री जिना कसा चढला ते त्याला नंतर आठवेना. नजीबेबाई खुर्चीत एका बाजूला कलंडल्या होत्या. ओठ निळसर, डोळे अर्धवट मिटलेले, खांदे मात्र प्रत्येक श्वासाला उचलले जात होते. त्याने नळी स्वतःच्या गालाशी लावली. काही नाही. रुमाल ओढून फेकला. काटा शून्यावर पडला होता.

"बद्र!" गॅलरीतून तो जिवाच्या आकांताने ओरडला. "वर ये! असशील तसा वर ये!"

बद्र आला तो हातात कंगवा घेऊनच. मित्रीने नजीबेबाईंना उचलून आतल्या खोलीत आणलं, पलंगावर टेकवून बसवलं.

"आडवं नको होऊ देऊस. बसूनच धर. आणि गॅलरीचं दार लाव, खिडक्या लाव, सगळं लाव!"

"का? हवा लागेल ना रे त्यांना?"

"आता जे येणार आहे ती हवा नाही. लाव म्हणतो ना!"

मित्री खाली धावला. फिल्टर पेटीत उघडा पडला होता. तो परत बसवायचा तर बोल्ट, पट्ट्या, सगळंच. त्याने तिकडे बघितलंही नाही. धुरांडं होतं तसं उघडं ठेवून त्याने मशीनला चावी दिली.

ते डरकाळी फोडल्यासारखं सुरू झालं. उघड्या तोंडातून काळा लोट निघाला, भिंतीवर आपटला आणि वर चढला. गॅलरी दिसेनाशी झाली. वाळत घातलेल्या चादरी दिसेनाशा झाल्या. बायका खिडक्यांतून ओरडू लागल्या, कुणीतरी त्याच्या आईबापांचा उद्धार केला, बद्रकडचा अर्धा भादरलेला माणूस गळ्यातला टॉवेल तोंडाला लावून रस्त्यात धावत आला. मित्रीने मशीनचा वेग बसेपर्यंत दात आवळून वाट पाहिली, खटका वर केला आणि पुन्हा जिन्याकडे पळाला.

यंत्राचा हिरवा दिवा लागला होता. ते घरघरायला लागलं, पण त्यातून नीट हवा यायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने नळी लावली आणि पलंगासमोर जमिनीवर बसला. बद्र मागून त्यांना धरून काहीतरी पुटपुटत होता. कितीतरी वेळ काहीच बदललं नाही. मग ओठांवरचा निळा रंग, डाग फिका व्हावा तसा, कडेकडेने उतरू लागला.

गल्लीतल्या कुणीतरी बोलावलेली अॅम्ब्युलन्सची पोरं आली तेव्हा नजीबेबाई मानेनेच नाही म्हणत होत्या. इस्पितळात नाही. कुठेही नाही. पोरांनी त्यांच्या बोटाला चिमटा लावून आकडे बघितले, आपापसांत बोलली, थोडा वेळ बसून राहिली आणि शेवटी एक भरलेला सिलेंडर ठेवून गेली. दुपारी तो लावून मित्रीने मशीन थोडा वेळ थांबवलं आणि फिल्टर चढवला. ह्या खेपेला सिलेंडरचा काटा त्याने स्वतः बघितला, खाली जाऊन परत वर आला आणि पुन्हा बघितला. गॅलरी रिकामी होती.

संध्याकाळी तो बादली आणि फडकं घेऊन वर गेला. कठडा, फरशी, दाराच्या काचा, सगळीकडे काळा थर बसला होता. पाणी काळं होई, तो ओतून देई आणि नवं घेई. नजीबेबाई मागच्या खोलीत उशांना टेकून बसलेल्या होत्या. ती खोली गॅलरीपासून लांब, चौकाच्या बाजूला. तिथे मशीनचा आवाज भिंतींतून गाळून आल्यासारखा येई.

"पुरे," त्यांनी आतून म्हटलं. मग हात वर करून बोलावलं.

तो दारात उभा राहिला. फडकं हातातच होतं.

"सिलेंडर परवा आणलेला नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"मग?"

"मागच्या वेळचाच. त्याच्याही मागच्या वेळचा. सिलेंडरवाला पुढच्या आठवड्यात यायचा होता."

"सांगायचं की मला! मी थांबलो असतो."

"म्हणून तर नाही सांगितलं."

मित्रीने फडकं पिळलं. त्यातून पाणी निघालं नाही.

"मशीनला आज गरज नव्हती," तो म्हणाला. "काटा खाली होता."

"मला वरून दिसतं, मित्री." नजीबेबाईंनी दम घेतला. "आधी घमेलं भरायचं. हल्ली माझ्याकडे पाठ करून बसतोस. आज निघाली तरी का काही?"

"मूठभर."

त्यांनी मान हलवली, बाजारात भाजीचा भाव ऐकून हलवावी तशी.

"तुमचं काही झालं असतं म्हणजे?" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "मी काय करायचं होतं? खाली बसून डॉक्टरचं विचारत होतो मी, खुळ्यासारखा!"

"झालं असतं तर निदान तुला लगेच कळलं असतं. एरवी कुणाला कळलं असतं?"

तो दाराच्या चौकटीला टेकला. बाहेर बद्रच्या दुकानातला दिवा लागला, त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर आला. खाली मशीन चालूच होतं.

"दात दुखतोय का तुमचा," नजीबेबाई म्हणाल्या.

"अं?"

"डॉक्टर. तो म्हणाला, बाई, तुमच्या आवाजावरून वाटतं, दात दुखतोय तुमचा. आणि खरंच दुखत होता."

मित्रीला हसू आलं आणि त्याचं त्यालाच ते बरं वाटेना. नजीबेबाईही हसायला लागल्या, हसता हसता खोकू लागल्या, आणि खोकला थांबेपर्यंत तो त्यांच्या नळीला हात लावून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अबू फव्वाजच्या दुकानात गेला. अबू फव्वाज आदल्या दिवसापासून पेटलेलाच होता.

"सगळ्या गल्लीच्या चादरी काळ्या केल्यास! नगरपालिकेचा माणूस तेवढ्यात येता तर मला टाळं ठोकून गेला असता!"

"आणखी एक फिल्टर घ्या," मित्री म्हणाला. "एक मशीनवर, एक माझ्याकडे साफ करून ठेवलेला. हा काढला की तो लावायचा. मशीन थांबायचंच नाही म्हटलं तरी चालेल."

अबू फव्वाजने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "गेल्या हिवाळ्यात मी काय म्हणत होतो? हेच ना? कोण म्हणालं, कशाला, एक पुरतो, मी साफ करतो म्हणून?"

"मीच म्हणालो."

"मग आता काय झालं?"

"आता हवा," मित्री म्हणाला.

फिल्टर आला. काम खरोखरच सोपं झालं. सिलेंडर लावून द्यायचा, मशीन थांबवायचं, जाड हातमोज्यांनी गरम फिल्टर काढायचा, दुसरा बसवायचा, सुरू करायचं. चुलीवरची कॉफी उतू जाईपर्यंत सगळं आटपलेलं असे. समुद्राचा आवाज ऐकू यायला लागायच्या आत मशीनचा पुन्हा सुरू होई. काढलेल्या फिल्टरवर मग मित्री शेडमध्ये बसून हवा तितका वेळ झोत मारू शकत होता. कॉम्प्रेसर चालू, मशीन चालू, कुणाला त्याचं काही ऐकू जात नव्हतं. बद्र खूश होता. सिलेंडरचं बघायला माँट्रियलच्या मुलीने एक कंपनी लावून दिली होती, तिचा माणूस ठरल्या दिवशी येई आणि सगळे काटे बघून सही घेऊन जाई. गॅलरीचं दार बंद असे. कधी काचेमागे पांढरे केस हललेसे वाटत, कधी तेही नाही. फिल्टर आता तो काटा रेघेला टेकल्यावरच काढत होता, एक दिवस आधी नाही.

वसंत सरला आणि गरम व्हायला लागलं. एका रविवारी चर्चमधून माणसं परतत असताना मित्रीने अंघोळ केली, नखांमधली काजळी ब्रशने घासघासून काढली, जेवढी निघते तेवढी, आणि पांढरा सदरा घातला. मशीन चालू होतं. तो जिना चढला आणि घंटीवर बोट ठेवून उभा राहिला. खरं म्हणजे आता काय सांगायचं हे त्याने ठरवलेलंच नव्हतं. शेवटी बोट आपोआप दाबलं गेलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. नजीबेबाई लांब नळी मागे ओढत आल्या होत्या.

"फिल्टर?" त्यांनी ओरडून विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"वीज जाणारय?"

नाही.

त्यांनी त्याच्याकडे, त्याच्या सदऱ्याकडे, ओल्या केसांकडे बघितलं, आणि दार पुरतं उघडून बाजूला झाल्या.

मागच्या खोलीत त्यांनी वेलचीची कॉफी केली, त्याने कप आणले. मशीनचा आवाज इथे कमी असला तरी असायचाच. त्यांच्यात ओरडायचा दम नव्हता आणि त्याचा एक कान नव्हता. त्या काहीतरी म्हणाल्या.

"काय?" तो म्हणाला.

त्यांनी पुन्हा सांगितलं. त्याला "बहीण" एवढाच शब्द कळला, किंवा तसा वाटला. त्याने मान डोलावली. तोही काहीतरी बोलला, मुलीच्या फोनबद्दल, आणि त्यांनीही तशीच मान डोलावली. असं दोन-तीनदा झालं. मग दोघांनीही सोडून दिलं. चौकातून कुणीतरी वांगी भाजत असल्याचा वास येत होता. नजीबेबाईंची मान हळूहळू उशीवर कलली, तोंड किंचित उघडं राहिलं. मित्री चटकन पुढे झुकला, नळीशी गाल नेला. वारा लागत होता. छाती संथ वरखाली होत होती. त्या झोपल्या होत्या.

तो परत खुर्चीत बसला. आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की खाली मशीन जड झालंय. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, त्याला कळलं. धूर बाहेर पडायला जोर लागत होता, आवाज छातीत कोंडल्यासारखा येत होता. काटा रेघेच्या वर गेला असणार, बहुधा सकाळपासूनच. साफ केलेला फिल्टर शेडमध्ये तयार होता. उतरून जायचं, बदलायचं, एवढंच. मशीन तसं तासभर सहज कळ काढणार होतं, कदाचित दोन तासही.

मित्रीने रिकामा कप आवाज न करता जमिनीवर ठेवला आणि खुर्ची भिंतीला टेकवून तो तिथेच बसून राहिला.